कुंपणापलीकडचं हरीण

ऑर्लिन टोलेफसनचा उजवा खांदा गेला तो एका वासरापायी. गोठ्यातली एक गाय अडली होती. वासरू ओढून काढताना खांद्यात काहीतरी कट्कन वाजलं. वासरू जगलं, गायही जगली, आणि पुढच्या हिवाळ्याआधी ऑर्लिननं सगळी गुरं विकून टाकली. खांदा तेवढा तसाच राहिला. डॉक्टरणीनं हात वर करायला सांगितला. तो कानापर्यंतसुद्धा गेला नाही.

"धनुष्यबाणानं शिकार करता ना तुम्ही?" तिनं विचारलं.

"पोरवयापासून."

"विसरा आता."

विसरणं कठीण होतं. ऑर्लिननं लग्न केलं नव्हतं. दूध काढणं आणि शरदात हरणामागं जाणं, ही दोनच कामं त्याला मनापासून करता येत होती, आणि त्यातलं एक गुरांबरोबर गेलं होतं. त्यामुळे त्यानं शेवटी क्रॉसबो घेतला. हे धनुष्य आडवं, बंदुकीसारखा दस्ता असलेलं. दोरी एकदा चाप लागेपर्यंत ओढली की ती तिथंच अडकून राहते, हातानं ताणून धरावी लागत नाही. ओढायलाही फिरकी असते, लहान पोरालासुद्धा जमेल अशी. आमच्या विस्कॉन्सिनात पूर्वी हे फक्त म्हाताऱ्यांना आणि अधूंना चालायचं. मग नियम बदलला आणि सगळ्यांनाच मोकळीक मिळाली. तेव्हा गावातल्या दारूच्या गुत्त्यात सगळ्यांत मोठ्यानं बोंब मारली होती ती ऑर्लिननंच. "काठीला बंदूक बांधायची आणि म्हणायचं मी तिरंदाज!"

ते वाक्य लोकांनी जपून ठेवलं होतं. दाणागोटा विकणाऱ्या हार्लननं त्याच्या गाडीत ते धूड पाहिलं आणि हात कमरेवर ठेवून म्हणाला, "काय मग तिरंदाज, काठी बरी मिळाली का?"

"गप बस आणि मीठ दे," ऑर्लिन म्हणाला.

"मीठ कशाला? गुरं विकलीस ना?"

ऑर्लिनला एकदम आठवलं, की गुरं नाहीत. मीठ न घेताच तो परतला.

टोलेफसनांच्या रानात एकेकाळी अख्खी टोळी शिकारीला उतरायची. वडील, दोन काका, ऑर्लिन, त्याचा धाकटा भाऊ गेलन, आणि गेलनची बायको आर्डिस. माग काढण्यात आर्डिसचा हात धरणारा त्या टोळीत कोणी नव्हता, आणि ते ती कोणाला विसरूही देत नसे. वडील गेले, काका गेले. मग गेलन दुसऱ्या एका बाईबरोबर ॲरिझोनाला निघून गेला. घटस्फोटात घर आणि टेकडीमागचं अर्धं रान आर्डिसला मिळालं. कोर्टात ऑर्लिननं भावाच्या बाजूनं साक्ष दिली होती. रान आमच्या बापाचं आहे, ते हिचं कधीच नव्हतं, असं तो उभा राहून बोलला होता, आणि आर्डिस समोरच्याच बाकावर बसली होती. न्यायाधीशानं त्याचं ऐकलं नाही. त्याच आठवड्यात आर्डिसनं कुंपणाच्या खांबाखांबावर पाट्या ठोकल्या: खाजगी रान, आत येऊ नये. खाली तिचं नाव.

तेव्हापासून दोघं शेजारी होते आणि बोलत नव्हते. पानगळ झाली की त्याच्या स्वयंपाकघरातून टेकडीवरच्या तिच्या घराचा दिवा दिसायचा. उन्हाळ्यात झाडं भरली की तोही दिसेनासा व्हायचा. गेल्या एप्रिलमध्ये ॲरिझोनाहून त्या दुसऱ्या बाईचा फोन आला, गेलन गेला म्हणून. ऑर्लिन फोन ठेवून बराच वेळ खुर्चीत बसला. आर्डिसला सांगावं असं मनात आलं. कोट घालून तो गाडीपर्यंतही गेला. मग परत आला आणि कोट खुंटीला लावला.

ऑक्टोबर सरत आला होता तेव्हाची गोष्ट. त्या सकाळी गवत दहिवरानं पांढरं झालं होतं. ऑर्लिन अंधारातच मचाणावर जाऊन बसला. सूर्य उगवायच्या अर्धा तास आधीपासून बाण सोडता येतो, त्याआधी नाही. वडिलांचा याबाबतीत इतका कडकपणा होता, की ते खिशातलं घड्याळ मुलांच्या नाकासमोर धरायचे. मचाणावर चढताना धनुष्य हातात घ्यायचं नाही, वर पोचल्यावर दोरानं ओढून घ्यायचं, आणि बाण अगदी शेवटी लावायचा. ऑर्लिननं तसंच केलं. मचाणावर बोलायला कोणी नव्हतं, पण तसं पूर्वीही कोणी बोलत नसे. फरक एवढाच, की पूर्वी ओढ्याच्या पलीकडं गेलन बसलेला असायचा, आणि त्याला खोकला आला की ऑर्लिनला इथं ऐकू यायचा.

उजाडल्यावर ओकच्या झाडांखालून एक मादी आली. धष्टपुष्ट, एकटी. खाली पडलेली ओकची फळं हुंगत ती आडवी उभी राहिली. ऑर्लिननं दस्ता डाव्या खांद्याला लावला होता, ते अजून त्याच्या अंगवळणी पडलं नव्हतं. त्यानं चाप ओढला आणि नेमकं त्याच क्षणी मादीनं एक पाऊल पुढं टाकलं.

बाण लागल्याचा आवाजच त्याला आवडला नाही. छातीत लागला की फळी मोडल्यासारखा आवाज येतो. हा ओल्या पोत्यावर काठी मारल्यासारखा आला. मादी पाठ वाकवून उधळली आणि उताराला लागली. खाली उतरून त्यानं आरपार गेलेला बाण शोधला. पिसांवर हिरवट चिकट काहीतरी होतं, आणि त्याला वास येत होता. बाण पोटात लागला होता.

पोटात लागलेल्या हरणाच्या मागं लगेच जायचं नसतं. जवळच कुठंतरी ते आडवं होतं. तिथून उठवलं तर दोन डोंगर ओलांडून जातं आणि मग कुणाच्याच हाती लागत नाही. ऑर्लिन घरी आला. कॉफी केली, प्यायली नाही. गोठ्यात गेला. रिकाम्या गव्हाणी पाहून परत आला. त्या मादीला आत्ता काय होत असेल याचा विचार तो टाळत होता आणि तोच विचार करत होता.

दुपार व्हायला आली तेव्हा तो माग काढायला निघाला. रक्त फारसं नव्हतंच. कुठं एखाद्या पानावर थेंब, कुठं खूर घसरल्याची खूण. तासभर वाकून वाकून तो कुंपणापाशी पोचला. वरच्या तारेला पांढरे केस अडकले होते. बाजूच्याच खांबावर पाटी होती. पाटीवरचं नाव उन्हापावसानं पुसट झालं होतं, तरी वाचता येत होतं.

कायदा सरळ आहे. हरीण तुमचं असो, बाण तुमचा असो, दुसऱ्याच्या रानात मालकाच्या परवानगीवाचून पाऊल टाकायचं नाही. जखमी जनावर शोधायलासुद्धा नाही. तारेपलीकडं कोणी बघणारं नव्हतं. ऑर्लिन तिथं थोडा वेळ उभा राहिला आणि मग त्यानं तालुक्याच्या शिकाररक्षक बाईला फोन लावला.

"मालकाला विचारा," ती म्हणाली. "ते नाही म्हणाले तर मलाही काही करता यायचं नाही."

"तू येऊन विचारशील?"

"मी? तुमची भावजय ना ती?"

"होती."

"मग माझ्यापेक्षा तुमचीच ओळख जास्त," असं म्हणून तिनं फोन ठेवला.

क्रॉसबो घरी ठेवून तो रस्त्यानं वळसा घेऊन आर्डिसच्या दारात गेला. बेल वाजत नव्हती. त्यानं दार ठोठावलं.

आर्डिसनं दार उघडलं. केस सगळे पांढरे झाले होते, चष्मा डोक्यावर चढवलेला, हातात चिकटपट्टीचं रीळ. तिनं त्याच्याकडं एकदा खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"कोण मेलं?" तिनं विचारलं.

"कोणी नाही," ऑर्लिन म्हणाला. मग त्याला ते उत्तर बरोबर वाटलं नाही. "हरीण," तो म्हणाला. "बहुतेक."

"बहुतेक?"

"पोटात लागलाय बाण. तुझ्याकडं आलीय ती."

आर्डिसचं तोंड आवळलं गेलं. "पोटात. शाबास. कधी?"

"उजाडताना."

"आणि आता येतोयस?"

"थांबलो होतो. मग... परवानगी मागायला आलोय."

"मग माग ना. अजून मागितली नाहीस."

ऑर्लिननं टोपी काढली. टोपी काढायचं कारण त्याला स्वतःलाही कळलं नाही. "आर्डिस, त्या रानात जाऊन मी माझं हरीण शोधू का?"

"कुठल्या रानात?"

"त्या... मागच्या."

"कोणाच्या?"

तिच्या मागं, अंधाऱ्या बोळात, भिंतीलगत खोक्यांची चळत होती. ऑर्लिन तिच्या डोळ्यांत बघायचं टाळून त्या खोक्यांकडं बघत राहिला. घरात कुठंतरी रेडिओवर कोणीतरी मक्याचे भाव सांगत होतं.

"तुझ्या," तो म्हणाला. "तुझ्या रानात येऊ का?"

"ये," आर्डिस म्हणाली आणि चिकटपट्टीचं रीळ खोक्यांवर ठेवलं. "पण मीही येणार. तुझ्या नजरेवर माझा भरवसा नाही, आणि आता तुझ्या नेमावरही नाही."

बूट चढवून, टॉयलेट पेपरचा एक रोल खिशात कोंबून ती पुढं निघाली. कुंपणापाशी पोचल्यावर तिनं तारेवरचे केस चिमटीत धरून पाहिले, वास घेतला आणि खाली बसली. पहिला थेंब तिला सापडला तो त्याच्या बुटाखालीच.

"पाय काढ. थेंबावर उभा आहेस."

प्रत्येक खुणेवर ती कागदाचा तुकडा ठेवत गेली. मागं वळून पाहिलं की ते पांढरे तुकडे ओळीनं दिसायचे आणि जनावर कुठल्या अंगानं चाललंय ते कळायचं. थेंब संपले तिथं तिनं खूर पाहिले, खूर संपले तिथं उलटी झालेली पानं पाहिली. ऑर्लिन तिच्या मागं मागं चालला होता. कितीतरी वर्षांनी तो त्या रानात आला होता. ज्यावरून पडून गेलननं हात मोडून घेतला होता, तो हिकरीचा वृक्ष आता वाऱ्यानं आडवा झाला होता.

"एप्रिलमध्ये मला कोणी सांगितलं, माहितीय?" आर्डिस एकदम म्हणाली. ती वाकलेलीच होती.

ऑर्लिन थांबला.

"दुकानातल्या पोरीनं. चीज कापता कापता. 'आर्डिस, गेलनचं फार वाईट झालं हो.' मी म्हटलं, हो ना, फार वाईट. जसं काही मला ठाऊकच होतं. चीज घेतलं, पैसे दिले, गाडीत जाऊन बसले. आणि मला गाडी सुरूच करता येईना. किल्ली कुठं घालायची तेच आठवेना."

"मला वाटलं, तुला नको असेल."

"काय नको असेल?"

"त्याचं नाव. माझ्या तोंडून."

आर्डिस उठून उभी राहिली. गुडघ्याला चिकटलेली पानं तिनं झटकली नाहीत. "मी त्या माणसाचे मोजे वाळत घातलेत, ऑर्लिन. त्याच्या आईला शेवटी मी भरवलंय, तुम्ही दोघं गोठ्यात तोंड लपवून बसला होता तेव्हा. तो मला सोडून गेला, ते त्याचं आणि माझं. पण तो मेला हे कळायचा हक्क मला नव्हता?"

"होता."

"तुझ्या घरातून माझा दिवा दिसतो. तुझा मला दिसतो. एवढंच चालत यायचं होतं."

"गाडीपर्यंत आलो होतो," ऑर्लिन म्हणाला.

 ती पुन्हा वाकून चालू लागली. जरा वेळानं, पाठमोरीच, तिनं विचारलं, "कसा गेला?"

"अंघोळीला गेला होता. हृदय बंद पडलं. ती बाई बाजारात होती."

"म्हणजे एकटाच होता."

"हो."

"आणि पुरलाय कुठं?"

"पुरला नाही. राख केली. तिकडंच वाळवंटात टाकली म्हणाली."

आर्डिसनं कागदाचा तुकडा फाडला आणि हातातच ठेवला. "त्याला ऊन सोसायचं नाही," ती म्हणाली. "जून लागला की नाक सोलून निघायचं."

तो तुकडा तिनं खिशात घातला आणि पुढं निघाली.

पोटात लागलेलं हरीण पाण्याकडं जातं. आर्डिसनं आता माग सोडला आणि सरळ घळीकडं उतरली. तिथं खडकातून झरा निघतो. मादी झऱ्याच्या काठाला पाय पोटाशी घेऊन पडली होती, मान पाण्याच्या दिशेला. ऑर्लिननं लांब फांदी घेऊन टोकानं तिच्या डोळ्याला स्पर्श केला, पापणी हलली नाही. मरून फार वेळ झाला नव्हता. त्याला कळलं, की आपण कॉफी करत होतो, गोठ्यात फिरत होतो, तेव्हा ही इथं जिवंत होती.

"चुकलंच," तो म्हणाला.

"चुकलं," आर्डिस म्हणाली. "चुकतं. चल, पाय धर. नाही, तो हात नको, दुसरा."

दोघांनी मादीला उताणी केलं, मग आर्डिस पाय धरून उभी राहिली आणि त्यानं पोट साफ केलं. घाण बरीच झाली होती. झऱ्याचं पाणी आणून आणून त्यांनी आतून धुतलं. नंतर तिनं गवत कापायचा छोटा ट्रॅक्टर आणला, मागं गाडा जोडून, आणि दोघांनी मादी कशीबशी वर काढली. ऑर्लिननं फोनवरून हरणाची नोंद केली. पलीकडून यंत्र बोलत होतं. तालुका कुठला, नर की मादी, कुठल्या हत्यारानं मारलं. हत्याराचं सांगायची वेळ आली तेव्हा तो जरा पुटपुटला.

"मोठ्यानं सांग," आर्डिस म्हणाली. "काठीला बांधलेल्या बंदुकीनं म्हणून सांग. हार्लननं सांगितलंय मला सगळं."

ऑर्लिनला हसू आलं. ते इतकं अचानक आलं, की त्याला खोकलाच लागला.

मुंडकं तपासायला द्यावं लागणार होतं. आमच्या खोऱ्यातल्या हरणांत एक रोग शिरलाय, मेंदूला भोकं पाडणारा. वरून हरीण धडधाकट दिसतं. मानेसकट मुंडकं पिशवीत घालून रस्त्याकडेच्या सरकारी पेटीत टाकायचं आणि निकालाची वाट बघायची. तोवर मांस खायचं नाही. ऑर्लिननं मांस कापून वेगळं केलं, कागदात बांधलं आणि निम्मं आर्डिसला नेऊन दिलं. ते तिनं बर्फाच्या पेटीत ठेवलं.

"निकाल बरा आला तर ये जेवायला," ती म्हणाली. "एवढं काही माझ्या एकटीनं संपायचं नाही."

नोव्हेंबर लागला. झाडं उघडी झाली, आणि संध्याकाळी तिचा दिवा स्पष्ट दिसू लागला. ऑर्लिननं स्वयंपाकघर झाडून काढलं. न्हाव्याकडं गेला. बाईला चांगली दारू कुठली न्यावी असं त्यानं हार्लनला विचारलं, आणि हार्लननं विचारलं कुठल्या बाईला, तेव्हा मागच्या रस्त्यानं निघून आला.

निकाल फोनवर आला. हरणाला रोग होता.

"खाऊ नका असा आमचा सल्ला," कार्यालयातली बाई म्हणाली. "पण तुम्हाला बदली परवाना मिळेल. नवीन हरीण मारता येईल."

"बरं," ऑर्लिन म्हणाला.

तो रस्त्यानं वळसा घेऊन आर्डिसकडं गेला. त्याच्या चेहऱ्यावरून तिला कळलं. ती आत गेली आणि पुडकी घेऊन आली. ती त्याच्या गाडीत, त्याच्या पुडक्यांशेजारी ठेवली. गावाबाहेर अशा मांसासाठी एक मोठा डबा ठेवलेला आहे. तिथं जाऊन दोघांनी एकेक पुडकं टाकलं. गोठलेलं मांस पत्र्यावर दगडासारखं वाजत होतं. ऑर्लिनच्या मनात आलं, त्या मादीनं झऱ्यापर्यंत जाऊन एवढा वेळ काढला, आणि आपण तिला कुणाच्या पानातसुद्धा नेलं नाही.

"उभा काय राहिलास?" आर्डिस म्हणाली. "अंडी आहेत घरी. बटाटे आहेत."

ती कांद्यावर बटाटे परतत असताना तो मेजापाशी बसला. खोकी आता बोळातून स्वयंपाकघरापर्यंत आली होती. कपाटं उघडी होती, आत दोन ताटल्या, दोन पेले.

"विचारलं नाहीस कसली खोकी," ती म्हणाली.

"वाटलं, जुने कपडे देऊन टाकत असशील."

"घर विकलं मी. रानासकट. नवं वर्ष लागलं की ओ क्लेअर शहरात बहिणीकडं जातेय. तिचाही नवरा गेला. एक खोली रिकामी आहे."

ऑर्लिननं हातात फिरवत असलेला काटा खाली ठेवला. "कोणाला विकलं?"

"मॅडिसन शहरातले नवरा-बायको आहेत. शिकार करत नाहीत. हरणं बघायला आवडतात म्हणे."

"मला विचारायचं होतंस. मी घेतलं असतं."

"कसं विचारणार? तू कधी आलास?"

"पाट्या लावल्या होत्यास तू."

"लावल्या होत्या," आर्डिस म्हणाली. बटाट्यांखालची आच तिनं बंद केली. "राग आला होता म्हणून लावल्या. मला वाटलं, एखाद वर्षानं तू येऊन भांडशील. म्हणशील, हा काय मूर्खपणा, काढ त्या पाट्या. पण तू टोलेफसन. पाटी वाचलीस आणि लांब राहिलास."

तिनं दोघांना वाढलं. बटाटे चांगले झाले होते. त्यानं दोनदा घेतले.

बदली परवाना मिळाला तेव्हा तो वापरायची त्याला इच्छा नव्हती. आर्डिसच म्हणाली, "जा. रान अजून माझं आहे. मी येते बसायला." तिच्याकडं परवाना नव्हता, त्यामुळे तिनं क्रॉसबोला हात लावायचा नाही, फक्त बसायचं, असं ठरलं. त्या आठवड्यात बंदुकीचाही हंगाम चालू होता. बंदुका सुटत असल्या की बाणवाल्यानंही भगभगीत केशरी घालावं लागतं, त्यामुळे दोघं भोपळ्यासारखी दिसत होती.

घळीच्या काठावर, बर्फात, झाडाला टेकून दोघं दुपारभर बसली. एक खार आली. रानकोंबड्यांचा थवा समोरून गेला, अगदी पंचायतीची सभा भरल्यासारखा भांडत. हरीण आलं नाही. एकदा आर्डिसनं त्याच्या बाहीला स्पर्श केला आणि ओढ्याच्या पलीकडं बोट दाखवलं. तिथं पूर्वी गेलनचं मचाण होतं. आता फक्त ओकच्या बुंध्यात घुसलेले दोन खिळे दिसत होते. दोघांनी तिकडं बघितलं.  तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते थंडीनं होतं की कशानं, हे ऑर्लिनला विचारवलं नाही.

उजेड उतरल्यावर, बाण सोडायची वेळ सरली तशी, त्यानं बाण बरोबर आणलेल्या चिंध्यांच्या पोत्यात मारून दोरी सैल केली, आणि ती दोघं वर चढून आली. तिच्या दारापाशी ती म्हणाली, "बरं झालं नाही आलं ते." आणि आत गेली.

जानेवारीत तिचं सामान त्यानं आपल्या गाडीतून पोचवलं. बहीण ठेंगणी आणि बोलकी होती. तिनं त्याला केक खायला घातला, आणि आर्डिसची कपाटं कुठं लावायची यावरून दोघी बहिणींची तो असतानाच जुंपली. ऑर्लिन निघाला तेव्हा आर्डिस रस्त्यापर्यंत आली. हात पुढं करावा की काय करावं, हे दोघांनाही नीट ठरवता आलं नाही. शेवटी तिनं त्याच्या कोटाचं वरचं बटण लावलं आणि सावकाश जा म्हणाली.

मॅडिसनची माणसं हिवाळ्यात येत नाहीत. संध्याकाळी ऑर्लिन स्वयंपाकघरात उभा राहिला की समोर टेकडी असते, आणि तिच्यावर दिवा नसतो.

रविवारी फोन वाजतो. आर्डिस बहिणीच्या टीव्हीबद्दल बोलते, चर्चमधल्या पातळ कॉफीबद्दल बोलते, तिथल्या खिडकीतून फक्त दुसऱ्या खिडक्या दिसतात असं सांगते. ऑर्लिन इथल्या बर्फाचं सांगतो. मग दोघांचंही सांगायचं संपतं.

"काय करतोयस?" ती विचारते.

"काही नाही. बसलोय."

"बस मग," ती म्हणते. "मी पण बसलेय."

आणि फोन लगेच कोणीच ठेवत नाही.